नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणी कामगारांचा रविवार

प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मुक्त विद्यापीठाच्या बहुतेक अभ्यासकेंद्रांवरील संपर्कसत्रे रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी भरतात. त्याचे कारण तुम्हांला वेगळे सांगावयास नको. तुमच्यापैकी अनेक जण आठवड्याचे सहा दिवस दुकानात, कारखान्यात, रुग्णालयात अथवा कार्यालयात राबतात आणि सातव्या दिवशी ही पुस्तिका पिशवीत घालून वर्गात येऊन बसतात. हा सातवा दिवस मोकळा असतो हे आपण इतके गृहीत धरलेले आहे, की तो कोणी तरी मागून घेतलेला आहे, याची जाणीवही सहसा होत नाही. ज्यांनी तो मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी मागितला त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र आपल्याला या घटकात अभ्यासावयाचे आहे.

आरंभीच एक खुलासा करणे इष्ट होईल. दरवर्षी जून महिन्यात लोखंडे यांच्याविषयीचा एक मजकूर भ्रमणध्वनीवर फिरत असतो आणि संपूर्ण भारताला रविवारची सुट्टी त्यांनीच मिळवून दिली असे त्यात म्हटलेले असते. तुम्हीही तो वाचला असेल. चरित्राच्या अभ्यासकाने अशा विधानापाशी थबकले पाहिजे. सरकारी कचेऱ्या आणि न्यायालये रविवारी पूर्वीपासूनच बंद असत. साहेब आणि त्याचा कारकून यांना रविवार होता. तो नव्हता यंत्रावर उभ्या राहणाऱ्या माणसाला. लोखंडे यांची लढाई या माणसासाठी होती आणि तिचे महत्त्व समजण्यासाठी ती फुगवून सांगण्याची गरज नाही.

पूर्वायुष्य

नारायणरावांचा जन्म 1848 साली ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ते हेच वर्ष होय. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे खरे. तथापि, पुढे ज्यांच्या विचाराने नारायणरावांचे सारे आयुष्य घडले, त्यांचे सार्वजनिक कार्य आणि यांचे आयुष्य एकाच वर्षी सुरू झाले, ही नोंद करून ठेवण्यास हरकत नाही. त्यांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले. त्या काळी आणि त्या परिस्थितीत एवढे शिक्षण ही मोठीच मिळकत होती. काही काळ रेल्वेत व टपालखात्यात नोकरी केल्यावर ते मुंबईच्या मांडवी मिलमध्ये स्टोअरकीपर म्हणून रुजू झाले.

या नोकरीकडे तुम्ही लक्ष द्यावे असे मला वाटते. स्टोअरकीपर हा साच्यावर काम करणारा कामगार नव्हे आणि मालकही नव्हे. यंत्राचे तेल, चामड्याचे पट्टे, कांड्या, सुटे भाग यांची आवक-जावक त्याच्या वहीत नोंदली जाते. प्रत्येक खात्यातून माणसे त्याच्या खिडकीशी येतात. त्याचे कपडे पांढरे राहतात, पण गिरणी त्याच्या डोळ्यांसमोर चालते. ज्याला लिहिता येते आणि जो रोज पाहतो, असा माणूस त्या जागी बसलेला होता. पुढे त्यांनी जे केले त्याचे बरेचसे स्पष्टीकरण या जागेत सापडते असे माझे मत आहे.

1873 साली जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. नारायणराव त्या समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते झाले आणि मुंबईतील सत्यशोधक चळवळीचा भार पुढे मोठ्या प्रमाणात त्यांच्याच खांद्यावर आला. शेतकरी आणि अतिशूद्र यांच्या दैन्याचा विचार जोतीरावांनी केला होता. हाच शेतकरी कर्जाने किंवा दुष्काळाने गाव सोडून मुंबईला आला की गिरणी कामगार होतो, हे नारायणरावांनी ओळखले. गाव सुटले तरी त्याचे दैन्य सुटत नव्हते, त्याचे फक्त रूप बदलत होते.

गिरणीतला दिवस

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1850 च्या दशकात ताडदेव येथे उभारली. पुढल्या पस्तीस-चाळीस वर्षांत गिरण्यांची संख्या सत्तरच्या घरात गेली आणि साठ-सत्तर हजार माणसे त्यांत काम करू लागली. यांतील फार मोठा भाग रत्नागिरीकडचा, उरलेल्यांत सातारा, पुणे या घाटावरच्या जिल्ह्यांतला. वाङ्मयात ज्याला आपण गिरणगाव म्हणतो, त्याची ही सुरुवात होय.

कामाचे तास घड्याळाने ठरत नसत, सूर्याने ठरत. गिरण्यांत विजेचे दिवे यायचे होते. त्यामुळे उजाडले की यंत्र सुरू आणि अंधारले की बंद. हिवाळ्यात याचा अर्थ दहा-अकरा तास, तर उन्हाळ्यात तेरा-चौदा तास असा होई. शेतीतही माणूस सूर्यावर काम करतो, मग गिरणीत काय बिघडले, असा युक्तिवाद त्या काळी केला जाई. शेतातला माणूस बांधावर बसून तंबाखू मळू शकतो, बैल थकले की त्याचेही काम थांबते, आणि यंत्र थकत नाही, एवढा भेद हा युक्तिवाद करणाऱ्यांच्या ध्यानात आलेला दिसत नाही. दुपारच्या जेवणासाठी निश्चित सुट्टी नव्हती. यंत्र चालू असताना कामगार आळीपाळीने, कापसाच्या धुळीतच भाकरी उरकीत. सुट्ट्या म्हणजे वर्षातले काही मोजके सण. इतर कारणाने घरी राहिल्यास खाडा पडे आणि खाड्याचे पैसे कापले जात. सण नसलेल्या रविवारीही यंत्रांची साफसफाई करण्यासाठी कामगारांना बोलावले जाई, म्हणजे नावाला गिरणी बंद असली तरी माणूस मोकळा होत नसे.

वेतनाची रीत तर अधिक बिकट होती. एका महिन्याचा बटवडा पुढील महिन्यात बराच उशिरा होई. त्यामुळे कामगाराचे काही आठवड्यांचे पैसे नेहमीच गिरणीकडे अडकलेले असत. नोकरी सोडावी तर ते बुडण्याची भीती, आणि बटवड्यापर्यंत दिवस काढावेत तर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. त्यात दंड, आणि कापडात दोष निघाला तर त्या तुकड्याची किंमत पगारातून वजा. कामावर घेणे अथवा काढणे मुकादमाच्या हाती. त्याला दस्तुरी द्यावी लागे. बायका आणि मुले ही मोठ्या संख्येने गिरणीत होती. बायकांवर नायकिणीचा अंमल चाले.

1881 साली पहिला कारखाना कायदा झाला. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी त्यासाठी मुंबईत पुष्कळ खटपट केली होती. कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. हे आकडे पुन्हा एकदा वाचा. सात वर्षांच्या मुलाला नऊ तास, ही त्या काळातली सुधारणा होती. प्रौढ पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी त्या कायद्यात कामाच्या तासांची मर्यादा नव्हती आणि साप्ताहिक सुट्टीही नव्हती.

‘दीनबंधू’चे संपादक

‘दीनबंधू’ हे साप्ताहिक कृष्णराव भालेकर यांनी 1 जानेवारी 1877 रोजी पुण्यात सुरू केले. सत्यशोधक विचारांचे ते मुखपत्र होते, आणि अशा पत्रांच्या नशिबी जे येते ते त्याच्याही आले: पैशांअभावी ते चालेना. 1880 साली नारायणरावांनी ते मुंबईस आणले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ सतरा वर्षे, त्याचे संपादन केले. कामाठीपुऱ्यातील तेलुगू भाषक कंत्राटदार मंडळींनी मुंबईच्या सत्यशोधक कार्यास आर्थिक पाठबळ दिले, ही गोष्ट मराठी पत्रकारितेच्या इतिहासात अधिक ठळकपणे यावयास हवी. ज्या पत्राने मराठी श्रमिकांची बाजू मांडली, त्याचा खर्च उचलण्यात ज्यांची मातृभाषा मराठी नव्हती अशांचाही वाटा होता.

या पत्राचे वेगळेपण समजण्यासाठी त्या काळातील वाद लक्षात घ्यावा लागेल. हिंदुस्थानातील कारखान्यांना कायदा लागू करावा असा आग्रह इंग्लंडातील लँकेशायरचे गिरणीमालक धरीत होते. मुंबईच्या स्वस्त सुताची स्पर्धा त्यांना जाचू लागली होती. साहजिकच येथील अनेक राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रांनी कारखाना कायद्याकडे परक्यांचा डाव म्हणून पाहिले आणि त्यास विरोध केला. त्यांचा संशय निराधार नव्हता. परंतु डाव कोणाचाही असो, चौदा तास उभ्या राहणाऱ्या बाईच्या पायांना त्याने काय फरक पडतो, हा प्रश्न उरतोच. देशी उद्योग वाचला पाहिजे म्हणून देशी कामगाराने मरेतो राबावे काय? ‘दीनबंधू’ कामगारांच्या बाजूने कायद्याच्या पक्षाला उभा राहिला. त्याची किंमत म्हणून नारायणरावांना सरकारधार्जिणेपणाचा शिक्का सोसावा लागला आणि पुढील काळात त्यांचे नाव मागे पडण्यास हेही एक कारण झाले असावे. या वादात दोन्ही बाजूंना काही सत्य होते, पण एका बाजूला मोजले न गेलेले हजारो लोक उभे होते, याचा विसर अभ्यासकाने पडू देऊ नये.

1884 चा अर्ज

1884 साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. अशा आयोगांपुढे साक्षी होत त्या प्रामुख्याने मालक, व्यवस्थापक, डॉक्टर आणि अधिकारी यांच्या. ज्यांच्याविषयी चौकशी चालली आहे त्यांना आपले म्हणणे स्वतः मांडण्याची सवय नव्हती आणि साधनही नव्हते. नारायणरावांनी ते साधन तयार केले. 23 सप्टेंबर 1884 रोजी परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरविली आणि तीनच दिवसांनी दुसरी. या सभांत ठरलेल्या मागण्यांचा अर्ज सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांनिशी आयोगास सादर झाला.

मराठीच्या विद्यार्थ्यांनी या अर्जाकडे लेखनप्रकार म्हणूनही पाहावे. दुःख सांगण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. ओवी आहे, अभंग आहे, पोवाडा आहे. अर्जाची रीत यांहून निराळी. त्यात दुःखाचा निवाडा करता येईल असा तुकडा पाडावा लागतो: किती वाजता, कोणत्या तारखेला, किती मिनिटे, किती दिवस. मुकादम छळतो, पोट भरत नाही, जीव शिणतो, ही सारी भावना खरी असली तरी आयोगाला तिच्यावर काही ठरविता येत नाही. अर्जात पाच मागण्या होत्या आणि त्या पाचही मोजता येण्याजोग्या होत्या.

पहिली, प्रत्येक रविवारी पूर्ण दिवसाची सुट्टी. दुसरी, दुपारी अर्धा तास विश्रांती. तिसरी, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. चौथी, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मिळावा. पाचवी, काम करताना इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास उदरनिर्वाहाची सोय व्हावी.

या मागण्यांत काय नाही, हेही पाहा. पगारवाढ नाही. एवढ्या अपुऱ्या वेतनावर जगणाऱ्या माणसांनी आपल्या पहिल्या मोठ्या अर्जात अधिक पैसे मागितले नाहीत. त्यांनी वेळ मागितला, ठरलेल्या तारखेची खात्री मागितली आणि शरीराची जबाबदारी कोणी तरी घ्यावी असे म्हटले. अधिक वेतनाची मागणी फेटाळली जाईल या व्यवहारी विचाराने ती वगळली असेल, असेही म्हणता येईल. मला मात्र असे वाटते की त्यांच्या दृष्टीने निकडीची गोष्टच ही होती. तिसऱ्या मागणीतील नम्रता तर आज वाचवत नाही. सूर्यास्तापर्यंत काम करण्यास अर्जदारांची ना नव्हती, फक्त पहाटेचा अंधार त्यांना स्वतःसाठी हवा होता.

येथे थोडे थांबा आणि स्वतःच्या नोकरीविषयी विचार करा. तुमच्याजवळ नियुक्तिपत्र आहे काय? असल्यास वरील पाच मागण्यांपैकी किती गोष्टींचा उल्लेख त्यात आहे? गेल्या वर्षी हाच स्वाध्याय मी एका संपर्कसत्रात दिला तेव्हा रखवालदाराचे काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने बारा तासांची पाळी, महिन्याला दोन सुट्ट्या आणि कागदावर काहीच नाही असे उत्तर लिहून दिले. व्याकरणदृष्ट्या त्याचे वाक्य सदोष होते. मी ते दुरुस्त केले नाही.

अर्जातील काही मागण्या कायद्यात उतरायला किती काळ गेला, हे पाहणे उद्बोधक आहे. कामावर इजा झालेल्या कामगारास भरपाई देणारा कायदा 1923 साली आला. वेतन ठरावीक मुदतीत देण्याचे बंधन घालणारा कायदा 1936 साली झाला, आणि त्यात लहान आस्थापनांसाठी पुढील महिन्याची सात, तर मोठ्यांसाठी दहा तारीख ठरली. सुपारीबागेत जमलेल्यांपैकी फारच थोड्यांनी हा दिवस पाहिला असेल.

रविवार

1884 च्या अर्जाचा तत्काळ उपयोग झाला नाही. आयोगाचा अहवाल झाला, कागद फिरले, गिरण्या चालू राहिल्या. नारायणराव सभा घेत राहिले, अर्ज धाडीत राहिले, ‘दीनबंधू’त लिहीत राहिले. चरित्रकाराला ही वर्षे रुक्ष वाटतात, कारण त्यांत घटना नाहीत; पण चळवळ चालते ती मुख्यतः अशाच वर्षांत.

1890 साली वारे फिरले. मार्च महिन्यात जर्मनीत बर्लिन येथे कामगारविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि रविवारच्या विश्रांतीचा विषय तेथे चर्चिला गेला. हिंदुस्थानातील कायद्यात दुरुस्ती करण्याचा विचारही सुरू झाला होता. ही वेळ साधून 24 एप्रिल 1890 रोजी नारायणरावांनी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळ प्रचंड सभा भरविली. सुमारे दहा हजार कामगार आले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. सुशिक्षित घरांतील स्त्रीलाही जाहीर सभेत बोलण्याची मुभा क्वचित मिळत असलेल्या त्या काळात गिरणीत काम करणाऱ्या दोघी दहा हजारांपुढे उभ्या राहिल्या, ही घटना सभेतील ठरावाइतकीच महत्त्वाची मानावयास हवी.

साप्ताहिक सुट्टीची मागणी सभेने गिरणीमालकांच्या संघाकडे पाठविली आणि 10 जून 1890 रोजी संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. मालकांनी ती केवळ दयेपोटी दिली नाही, आणि केवळ सभेच्या धाकानेही दिली नसेल. सरकारी कायदा दाराशी आला होता. पण कायदा होण्याआधी मागणी तयार असणे, तिच्यामागे सह्या आणि माणसे असणे, याचा उपयोग अशा वेळी होतो.

रविवार हाच वार का, असाही प्रश्न तुम्हांला पडेल. तो ख्रिस्ती राज्यकर्त्यांचा वार होता, हे खरे. तथापि, घाटावरून आलेल्या कामगारांच्या घरी रविवार हा खंडोबाचा वार म्हणून आधीपासूनच वेगळा होता. बाजाराला जाणे, गावाकडे पत्र लिहून घेणे, नातलगाच्या खोलीवर जाणे, अंग घासून आंघोळ करणे, यांसाठी आता एक ठरलेला दिवस मिळाला. कापसाच्या धुळीत आठवडा काढणाऱ्याला आंघोळीचे महत्त्व किती असते, हे वेगळे सांगावयास नको.

त्याच वर्षी सरकारने नवा कारखाना आयोग नेमला आणि मुंबईपुरते त्याच्या कामात साहाय्य करण्यासाठी नारायणरावांची निवड केली. सहा वर्षांपूर्वी जो आयोगापुढे अर्ज घेऊन गेला होता, तो आता आयोगाच्या बाजूला बसला. 1891 च्या कायद्याने किमान वय सातावरून नऊवर नेले, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तासांची आणि स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा घातली, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि आठवड्याची सुट्टी बंधनकारक केली. प्रौढ पुरुषाच्या तासांना मात्र याही कायद्याने हात लावला नाही. त्याचा परिणाम पुढे दिसला. 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही संपली आणि दिवस पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा 1911 साली झाला. आजच्या कार्यालयात भोंगा नाही. रात्री दहा वाजता हातातला फोन वाजतो आणि वरिष्ठांचा निरोप येतो, तेव्हा सूर्यास्त नक्की कोठे झाला हे ठरविणे पुन्हा अवघड होऊन बसते.

संघटना आणि तिचे नाव

नारायणरावांनी स्थापलेल्या संस्थेचे नाव बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन असे होते. तिच्या स्थापनेचे वर्ष काही अभ्यासक 1884, तर काही 1890 मानतात. भाषाभ्यासकाचे लक्ष या नावातील ‘हँड्स’ या शब्दाकडे जाते. इंग्रजी कारखानदारीच्या परिभाषेत कामगार म्हणजे हात. डोके, पोट, घर यांचा हिशेब त्या शब्दात नाही. मराठीत ‘मजूर’ हा फारसीतून आलेला शब्द होता, ‘कामकरी’ होता, आणि ‘कामगार’ हा शब्द पुढे स्थिरावला. ‘संप’ या शब्दाचा प्रवास तर फारच बोलका आहे. गुजरातीत आजही ‘संप’ म्हणजे एकी, सलोखा. मराठीत तोच शब्द काम बंद ठेवण्यासाठी रूढ झाला. एकत्र येणे आणि काम थांबविणे या दोन क्रिया मराठी श्रमिकांच्या अनुभवात एकच होऊन गेल्या, असे यावरून म्हणावेसे वाटते.

नारायणरावांना भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हटले जाते. या बिरुदावर आक्षेपही आहेत. त्यांच्या संस्थेला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, लिखित नियम नव्हते. कामगार त्यांच्याकडे तक्रार घेऊन जात आणि ते सल्ला देत, अर्ज लिहून देत, असेच तिचे स्वरूप होते. कारखान्यांविषयीच्या त्या काळच्या सरकारी अहवालातही हीच गोष्ट नमूद आहे. शिवाय कलकत्त्याजवळ बरानगर येथे शशिपद बंदोपाध्याय यांनी 1870 च्या दशकातच कामगारांसाठी मंडळ आणि नियतकालिक चालविले होते. तेव्हा नोंदणीकृत युनियन या अर्थाने पाहू गेल्यास बिरुद टिकत नाही. पण कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता देणारा कायदाच मुळी 1926 चा आहे. जे घर बांधण्यास परवानगीच नव्हती, त्याला दारे-खिडक्या का नव्हत्या असे विचारण्यात काय हशील? माझ्या मते नारायणरावांचे श्रेय संस्थेच्या वहीत शोधू नये. विखुरलेल्या, निरक्षर, परगावच्या माणसांची एक सामायिक मागणी असू शकते, ती कागदावर उतरू शकते आणि तिच्याखाली अंगठा उठविल्याने दुसऱ्या दिवशी आकाश कोसळत नाही, हे त्यांनी मुंबईत प्रथम दाखवून दिले.

अन्य कार्य

त्यांच्या इतर कार्याचा येथे थोडक्यात परामर्श घेऊ. 11 मे 1888 रोजी मुंबईत मांडवी येथे जोतीरावांचा सत्कार होऊन त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण करण्यात आली. त्या समारंभाच्या आयोजनात नारायणराव अग्रभागी होते. 1890 मध्ये त्यांनी मुंबईतील नाभिक बांधवांची सभा घेतली आणि विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार त्यांच्याकडून करविला. ही गोष्ट सामाजिक सुधारणेच्या पुस्तकात येते, कामगार चळवळीच्या पुस्तकात येत नाही. वस्तुतः ती दोन्हीकडची आहे. जे काम आपल्या हातांनी होते आणि जे अन्यायाचे आहे, ते करण्यास नकार देण्याचा हक्क कारागिराला आहे, हा विचार त्यामागे दिसतो.

1893 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. गिरणगावही त्यातून सुटले नाही. दंग्यानंतर नारायणरावांनी राणीच्या बागेत दोन्ही समाजांच्या कामगारांचा एकोपा मेळावा घडवून आणला. सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब आणि जस्टिस ऑफ द पीस हे पद दिले. कामगारांच्या पुढाऱ्याने सरकारी किताब घ्यावा काय, हा प्रश्न नंतरच्या पिढीला खटकला. त्यांच्या राजनिष्ठेवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. सत्यशोधक मंडळींना गावातल्या आणि गिरणीतल्या धन्यापेक्षा दूरचा धनी अनेकदा अधिक न्यायी वाटला, आणि तसे वाटण्यामागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता.

अखेर

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले. थंडीच्या दिवसांत साथ भडकली. माणसे कोकणाच्या आगबोटींवर आणि घाटाच्या गाड्यांवर तुटून पडली. ज्याला शक्य होते तो शहर सोडून गेला. नारायणराव राहिले. रोग्यांची शुश्रूषा आणि रुग्णालयाची व्यवस्था यांत ते गुंतले असताना त्यांनाच प्लेगने गाठले आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्यांचे निधन झाले. वय पन्नाशीच्या आत होते. जोतीराव सहा वर्षांपूर्वी गेले होते. सावित्रीबाई त्यांच्यामागून महिन्याभरानेच, प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच, पुण्यात गेल्या.

पुढे भारतीय टपालखात्याने 2005 साली त्यांच्या नावाचे तिकीट काढले आणि परळ येथील राज्य शासनाच्या श्रमविज्ञान संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.

त्या फेब्रुवारीत मुंबईच्या गिरण्यांत माणसे मिळेनाशी झाली होती. साचे ओस पडले होते आणि गिरण्यांची माणसे नाक्यानाक्यावर उभी राहून कामकऱ्यांना अधिक दराने बोलावीत होती. ज्या गिरण्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्यात आठवडे-आठवडे अडवून ठेवीत, त्यांतल्या काहींनी त्या दिवसांत संध्याकाळी यंत्र थांबताच रोजचा रोज बटवडा केला.